सकाळची बॅच

आमच्या भौतिकशास्त्र विभागातला पहिला कॉम्प्युटर रिक्षातून आला. विभागप्रमुख हंबीरराव सरांचा भाचा अमरसिंह सीपीयू मांडीवर घेऊन बसला होता आणि शेजारी शालीत गुंडाळलेला मॉनिटर होता. २००१ सालचा जून होता. तोवर आमच्या कॉलेजात फक्त ऑफिसात एक कॉम्प्युटर होता आणि हेडक्लार्कशिवाय त्याच्यावरचं कापड कोणी काढत नसे.

"सेकंडहँड म्हणजे भंगार न्हवं, मॅडम," अमरसिंह मला म्हणाला. राजारामपुरीत त्याचं दुकान होतं. जुने-नवे पार्ट जोडून तो कॉम्प्युटर विकायचा. "एकेक पार्ट मी हातानं निवडून घातलाय. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात होतं हे. एसीत वाढलेलं मशीन हाय."

त्यानं सीपीयूच्या मागच्या फटीवर दुकानाच्या नावाचं कागदी सील चिकटवलं. हे फाटलं की गॅरंटी संपली, असं मला दोनदा बजावलं.

मी तेव्हा त्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होते. जूनमध्ये नेमायचं, मार्चमध्ये सोडायचं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करायला लावायचा, अशी ती नोकरी. विषय इलेक्ट्रॉनिक्स होता. पेठ वडगावहून पहिल्या एसटीनं यायचं, कारण सकाळची प्रॅक्टिकल बॅच माझी असायची. कायम झालेले लोक सकाळी लवकर यायला तयार नसत. सरांची बॅच दुपारची. जेवून, पान खाऊन ते प्रयोगशाळेत येत.

विभागात एक पूर्णवेळ जागा भरणार असल्याचं तेव्हापासूनच कानावर येत होतं. ती मला हवी होती. तशी दुसरी जागा जवळपास कुठल्याच कॉलेजात नव्हती, आणि दरवर्षी अर्ज करून मी थकले होते. अमरसिंहही एम.एस्सी. झालेला होता, माझ्या मागून, आणि त्यालाही ती हवी होती.

जुलैत मशीन बंद पडायला लागलं. बंद पडण्याची एक पद्धत असती तर मी समजून घेतलं असतं. कधी बाण जागच्या जागी थिजायचा. कधी सगळा पडदा निळा होऊन त्यावर पांढरी अक्षरं यायची. कधी काहीच न सांगता ते आपलं आपण पुन्हा चालू व्हायचं आणि मुलांनी घेतलेली रीडिंग्ज जायची. मुलं आधी हळहळली, मग हसायला लागली.

मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. विंडोज पुन्हा घातलं. व्हायरस असेल म्हणून मुलांच्या फ्लॉप्या बंद केल्या. मशीन सुरू असताना मागच्या सॉकेटमधला विजेचा दाब मोजला. तो ठीक होता. दुसऱ्या बोर्डवरून वायर ओढली. आतलं काही तपासायचं तर सील फाडावं लागणार होतं, म्हणून सरांकडे परवानगी मागायला गेले.

"बिघडलंय?" सर म्हणाले. "काल दुपारी तर मी दोन तास बसलोय त्याच्यावर. पाण्यासारखं चालतंय."

"सकाळी माझ्या बॅचला बंद पडतं, सर."

"तुमच्या बॅचला पडतंय, माझ्या न्हाय. मग बिघाड कुठं हाय, सांगा की." स्टाफरूममध्ये त्या वेळी पाचसहाजण होते. सरांनी सगळ्यांकडे बघून घेतलं. "काही काही लोकांच्या हाताला मशीन धार्जिणंच नसतंय बघा. आमच्या गावात एक म्हातारी हाय, ती गोठ्यात आली की म्हस पान्हा चोरती."

लोक हसले. मी भौतिकशास्त्राच्या विभागात उभी होते आणि विभागप्रमुख मला हाताच्या गुणाबद्दल सांगत होते. बोलायला माझ्याकडे पुरावा नव्हता. मशीन दुपारी खरोखरच चालत होतं. मी स्वतः दोनदा मागं उभी राहून पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी कॉम्प्युटरसाठी कुलपाचं लाकडी खोकं करून घेतलं. किल्ली त्यांच्या खिशात. बॅचच्या आधी मी स्टाफरूममध्ये जाऊन ती मागायची आणि बॅच संपली की परत करायची. सर सकाळी नसत, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी मागावी लागे, तीही सगळ्यांदेखत.

"घ्या, हँग मॅडम," ते किल्ली टेबलावरून सरकवत म्हणायचे. "उद्या किती वेळा झोपवणार हाय? जरा अंगाई तरी म्हणा त्याला."

हे नाव स्टाफरूममधून वर्गात जायला वेळ लागला नाही. मी फळ्याकडे वळले की मागून बारीक आवाजात कोणीतरी म्हणायचं, "हँग मॅडम." वळून पाहिलं की सगळे वहीत बघत असायचे. वडगावच्या स्टँडवर एकदा एका मुलाच्या वडिलांनी मला तेच नाव घेऊन हाक मारली. त्यांना वाटलं, तेच माझं आडनाव आहे.

त्या दिवसापासून मी सरांबद्दल विचार करायला लागले. रोज, एसटीत, खिडकीशी बसून. त्यांना उलट काय बोलावं हा विचार नव्हता. बोलण्यात ते माझ्यापेक्षा कधीही वरचढ ठरले असते. मला त्यांची अशी एक सकाळ हवी होती, ज्यात त्यांना बोलायला काही उरणार नाही.

हिवाळ्यात मशीन कमी बंद पडायला लागलं. उन्हाळा लागल्यावर ते सकाळीही नीट चालायला लागलं. सरांनी त्याचं श्रेय घेतलं. "बघा, कुलूप घातल्यावर कसं सरळ झालं."

मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, एका सोमवारी ते सकाळी पुन्हा दोनदा बंद पडलं. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन होतं. मंगळवारी चाललं, बुधवारी चाललं. पुढच्या सोमवारी पुन्हा पडलं. त्या सकाळी मी प्रयोगशाळेत शिरले तेव्हा माझी चप्पल घसरली. आमचे लॅब अटेंडंट आकाराम मामा खराटा घेऊन कोपऱ्यात उभे होते.

"सावकास, मॅडम! आत्ताच धुतलीया फरशी. परीक्षा आली की दर सोमवारी धुतोय न्हवं मी."

मी तशीच उभी राहिले. ओली फरशी. पावसाळा. सकाळ. दुपारपर्यंत मशीन आपल्याच उष्णतेनं गरम होऊन वाळतं, आणि मग सर पान खाऊन येतात.

दुसऱ्या दिवशी ओला डस्टर सीपीयूच्या मागच्या जाळीखाली ठेवला आणि मुलांना रीडिंग घ्यायला सांगितलं. डस्टर वाळायच्या आत पडदा निळा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी शंभर वॅटच्या दिव्याची ऊब जाळीवर धरून ठेवली आणि खाली दोन ओले डस्टर ठेवले. काही झालं नाही. दिवा काढला. बंद पडलं. असं मी चार सकाळी उलटसुलट करून पाहिलं आणि एकदाही चुकलं नाही. जे यंत्र वर्षभर लोकांसमोर माझं हसं करत होतं, ते आता मी म्हणेन तेव्हा बंद पडत होतं. त्या आठवड्यात मला किती बरं वाटत होतं ते मी कुणालाही सांगितलं नाही.

दमटपणानं बंद पडतं, इथवर कळलं. पण मशीनं अनेक असतात, आणि पाऊस सगळ्यांवरच पडतो. याच मशीनच्या आत काय होतं ते बघणं बाकी होतं. परीक्षेच्या एका दुपारी सर लग्नाला मुरगूडला गेले आणि किल्ली माझ्याकडे राहिली. मी सोल्डरिंग आयर्न गरम करून सीलपासून थोडं लांब धरलं. डिंक सैल झाला, सील न फाटता निघून आलं. आकाराम मामा दाराशी लक्ष ठेवून होते.

आत वरवर स्वच्छ होतं. कोणीतरी फडक्यानं पुसलं होतं. मग मी मदरबोर्डचे स्क्रू काढून तो उचलला. खाली, जिथं फडकं पोचत नाही तिथं, गुलाबी थर होता. स्लॉटच्या फटींत तोच. पंख्याच्या पात्यांच्या मागच्या बाजूला तोच, तेलकट झालेला.

मी चिमूटभर भुकटी काचेच्या पट्टीवर घेतली, मल्टीमीटरची दोन टोकं त्यात टेकवली. कोरडी होती तोवर काटा जागचा हलला नाही. मग मी तोंड जवळ नेऊन आरशावर वाफ धरतात तशी वाफ सोडली. काटा उठला आणि बराच पुढं जाऊन थांबला. भुकटी वाळली, काटा परत आला. वाफ सोडली, पुन्हा उठला. ओल धरली की ही भुकटी वीज वाहून न्यायला लागते, आणि बोर्डवरच्या केसाएवढ्या अंतरावरच्या तारा एकमेकींत गुंततात. कुठल्या दोन गुंततील ते त्या दिवशीची ओल ठरवते. म्हणून बंद पडायची तऱ्हा रोज वेगळी.

"मामा, हे काय आहे बघा हो."

आकाराम मामांनी बोट लावलं, वास घेतला आणि खदखदून हसले. "आवो, गुलाल न्हवं का ह्यो! काय मॅडम, कोल्हापुरात ऱ्हाऊन गुलाल वळखीना तुमास्नी?"

"दवाखान्यात गुलाल कुठून आला?"

"कुठला दवाखाना?"

मी सांगितलं. मामांचं हसू ओसरलं. ते सरांच्याच गावचे. दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"गेल्या साली मे म्हैन्यात आमच्या गावात सोसायटीची निवडणूक झाली. सरांचं थोरलं बंधू उभं ऱ्हायलंतं. मतदारांच्या याद्या काढाय म्हणून तेंच्या प्रचाराच्या हापिसात काँप्युटर बसवलता. निकालादिवशी पोत्यानं गुलाल उधळला. हापिसात, बाहीर, काय सांगू नगा. मी सोता नाचलतो की! त्यो काँप्युटर पार लाल झालता. मागनं कुठं गेला त्ये कुणी इचारलं न्हाय."

निवडणूक मे महिन्यात. रिक्षा जूनमध्ये. अमरसिंहनं फडकं मारून, सील लावून आपल्या मामाच्या घरचं मशीन मामाच्या विभागाला विकलं होतं. ते कुठून आलं हे सरांना माहीत होतं. ते बिघडलेलं आहे हे मात्र बहुधा माहीत नव्हतं, कारण त्यांच्यासमोर ते कधी बंद पडलंच नव्हतं. मी हा फरक नीट लक्षात घेतला. त्यानं माझ्या रागात काही फरक पडला नाही.

आकाराम मामांनी कपाटातून स्पिरिटची बाटली आणि बारीक ब्रश आणून माझ्यापुढं ठेवला. "पुसून टाका बगू. सुटला तुमचा वनवास."

एक दुपार पुरली असती. मी ब्रश हातात घेतला. मग मदरबोर्ड होता तसा परत बसवला, स्क्रू आवळले, झाकण लावलं आणि सील जागच्या जागी चिकटवून अंगठ्यानं दाबलं.

"का वो?" मामा म्हणाले.

"पावसाळा येऊ दे, मामा."

मग त्यांनी स्पिरिटची बाटली उचलून कपाटात ठेवली. "तुमी गप बसणारी मानसं लई वंगाळ," ते म्हणाले, पण हसत.

पूर्णवेळ जागेची जाहिरात जूनमध्ये आली आणि मुलाखती जुलैत ठरल्या. उमेदवार पाचच होते. त्यातले तिघं शेवटी आलेच नाहीत. पुराचं पाणी रस्त्यांवर येऊ लागलं होतं. खरे उमेदवार दोघंच, मी आणि अमरसिंह. प्रत्येकानं प्रयोगशाळेत एक प्रयोग समितीसमोर करून दाखवायचा, अशी अट सरांनी घालून घेतली. प्रयोग कॉम्प्युटरवर करायचा. डायोडला जोडलेल्या तारा कॉम्प्युटरला द्यायच्या आणि पडद्यावर आलेख उमटलेला दाखवायचा. कुणाच्या हातात मशीन बंद पडतं ते सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. अट कुणासाठी होती हे स्टाफरूममध्ये कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

कोण आधी, कोण नंतर, हे सर ठरवणार होते. त्यांनी मला सकाळी घातलं असतं तर माझं सगळं गणित माझ्यावरच उलटलं असतं. मी मुलाखतीच्या एक आठवडा आधी स्टाफरूममध्ये, सगळे असताना, त्यांच्या टेबलाशी गेले.

"सर, एक विनंती आहे. पहिला मान मला द्या."

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कसला मान?"

"प्रयोगाचा. मी इथं जुनी आहे. सकाळी समिती आली की पहिल्यांदा माझा प्रयोग व्हावा. नव्या माणसाला आधी घातलं तर बरं दिसणार नाही."

हे मी मुद्दाम मान हा शब्द वापरून बोलले. पालखीला खांदा कुणाचा, जत्रेत पहिली कुस्ती कुणाची, पंगतीत पहिलं ताट कुणाचं, यावरून सरांच्या घराण्यात तीन पिढ्या भांडणं झाली होती. ती ते आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगायचे. असा माणूस मागितलेला मान देत नाही.

"जुन्या?" सर खुर्चीत मागं रेलले. "तासिकेवर कोण जुनं न्हाय आणि नवं न्हाय, दानेश्वरी मॅडम. मान ज्याच्या त्याच्या कुवतीवर असतोय. ज्यानं मशीन आणलं, पहिला मान त्याचा. समिती आली की नारळ वाढवायचा आणि अमरनं सुरू करायचं. तुम्ही दुपारी या. जेवण झाल्यावर. तोवर पावणं पेंगुळल्यालं असतील, तुमचंबी बरं होईल."

सगळे हसले. मी मान खाली घातली. मला चेहरा लपवायला दुसरी जागा नव्हती.

मुलाखतीच्या सकाळी पाऊस सरळ कोसळत होता. आदल्या दिवशी रविवार असल्यानं प्रयोगशाळा बंद राहिली होती आणि भिंतींना ओलीचा वास येत होता. मी लवकर पोचले तेव्हा आकाराम मामा विजार खोचून फरशी धूत होते.

"सरांनीच सांगितलंय," ते म्हणाले. "पावणं येणार, फरशी लखलखली पायजे म्हणालं." मग त्यांनी लाकडी खोक्याकडे बघितलं. सरांनी ते उघडून ठेवलं होतं. मशीनला झेंडूचा हार घातला होता. "मॅडम, जरा आदी चालू करून ठिवू का? तापलं की..."

मामांना सगळं कळलं होतं.

"नको," मी म्हटलं. "त्यांच्या हातानं सुरू होऊ दे."

समिती आली. आमचे प्राचार्य, विद्यापीठातून तज्ज्ञ म्हणून आलेले शशिधर सर, आणि संस्थेचे एक संचालक. हंबीरराव सरांनी स्वतः नारळ वाढवला. अमरसिंह नवा शर्ट घालून मशीनसमोर बसला आणि बटण दाबलं. मी दाराजवळ, उमेदवाराच्या खुर्चीत बसले होते. दुसऱ्या उमेदवारानं बसून बघायला हरकत नाही, असं सरच म्हणाले होते.

विंडोज सुरू झालं. त्यानं तारा जोडल्या, आलेखाची पहिली रेघ पडद्यावर उमटली आणि थांबली. बाणही थांबला. अमरसिंहनं माऊस उचलून टेबलावर आपटला.

"माऊसची तार सैल हाय," हंबीरराव सर म्हणाले.

अमरसिंहनं मशीन बंद करून सुरू केलं. ते निम्म्यात आलं आणि आपलं आपण पुन्हा सुरू झालं. मग डिस्क तपासायचा तो निळा पडदा आला आणि त्यावर पिवळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकायला लागली. समिती तिच्याकडे बघत बसली. संचालकांनी जांभई दिली. पट्टी संपली, विंडोज आलं, तारा जोडल्या, आणि पडदा निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं.

"व्होल्टेज न्हाय आज," अमरसिंह म्हणाला. त्याच्या नव्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

"दिवे तर लागलेत," शशिधर सर शांतपणे म्हणाले.

हंबीरराव सर उठले. त्यांनी वळून माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईंनी काहीतरी केलंय! वर्षभर हेच चालू हाय. ह्यांनी हात लावला की मशीन बसतंय!"

"मॅडम, तुम्ही आज मशीनला हात लावलाय?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर. किल्ली विभागप्रमुखांकडे असते. आज खोकं त्यांनीच उघडलं."

प्राचार्यांनी सरांकडे बघितलं. सर खाली बसले. अमरसिंहनं आणखी दोनदा प्रयत्न केला आणि मग समिती चहाला उठली. मशीन तसंच चालू राहिलं. मी ते बंद करू नका असं आकाराम मामांना सांगितलं. जेवणाच्या सुट्टीभर ते आपल्या उष्णतेत वाळत राहिलं.

दुपारी मी बसले. तारा जोडल्या. आलेख एका दमात पूर्ण उमटला. दुसरा डायोड लावला, दुसरा आलेख उमटला. शशिधर सरांनी तापमानाबद्दल दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. तेवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. जागा बहुतेक मिळालीही असती.

"सर, माझा प्रयोग अजून संपलेला नाही," मी म्हटलं. "हे मशीन आता मी बंद पाडून दाखवते."

मी ओला डस्टर जाळीखाली ठेवला. का ठेवला ते फळ्यावर समजावून सांगायला लागले. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत पडदा निळा झाला. मी डस्टर काढला, जाळीवर दिवा धरला, मशीन सुरू केलं, चाललं. शशिधर सर खुर्ची सोडून पुढं आले. "पुन्हा करा," ते म्हणाले. मी पुन्हा केलं.

"आत काय आहे?"

"अमरसिंह, हे सील तुमच्याच दुकानाचं ना?" मी विचारलं.

तो मामाकडे बघत होता. "हो."

"फाटलेलं नाही ना?"

"न्हाय."

मी सगळ्यांदेखत ते फाडलं. प्लग काढला, टेबलावर पांढरा कागद पसरला, मदरबोर्ड काढून त्यावर उलटा धरला आणि पाठीवर बोटानं टिचकी मारली. पांढऱ्या कागदावर गुलाबी भुकटी सांडली.

मग प्राचार्यांनी, जे कागलकडचे आणि असल्या निवडणुकांत मुरलेले होते, कागदावर बोट फिरवलं आणि ते नाकाशी धरलं.

"हंबीरराव, तुम्ही तर सांगितलंतं मशीन दवाखान्यातलं हाय म्हणून."

"हो... म्हणजे, अमर म्हणाला तसं..."

"मग दवाखान्यात कोण निवडून आलंतं?"

संचालक आधी हसले. मग सगळेच. आकाराम मामा तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावून बाहेर पळाले. त्यांचा आवाज व्हरांड्यातून बराच वेळ येत राहिला. हंबीरराव सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांच्याकडे सरळ बघत होते. मला त्यातलं काहीही चुकवायचं नव्हतं.

जागा मला मिळाली. अमरसिंह मशीन बदलून देणार होता, पण गणपतीआधीच तो दुकान भावाच्या हवाली करून पुण्याला गेला. नवीन कॉम्प्युटर पुढच्या वर्षीच्या अनुदानात येईल असं ठरलं. "तोवर हे साफ करून घ्या," प्राचार्य मला म्हणाले. "होय सर, सवडीनं करते," मी म्हटलं.

विभागाचं वेळापत्रक करायचं काम सगळ्यांत नव्या कायम माणसाच्या गळ्यात पडतं. ते माझ्याकडे आलं. मी कॉम्प्युटरची सकाळची बॅच हंबीरराव सरांना दिली आणि दुपारची स्वतः घेतली. त्यांना हरकत घेता आली असती. पण का, ते तोंडानं सांगावं लागलं असतं.

ऑगस्टभर मी व्हरांड्यातून जाताना त्यांचा आवाज ऐकत होते. आधी ते मुलांवर ओरडत, मग मशीनवर. मग फारसं ओरडेनासे झाले. रीडिंग गेली की मुलं हसायची. मोठ्यानं हसायची, सरांचीच सवय त्यांना लागली होती.

एक दिवस वर्षाराणी नावाची मुलगी मला भेटायला आली. चंदगडची होती, इथं हॉस्टेलवर राहायची. सकाळच्या बॅचमध्ये तिचा एकही प्रयोग पूर्ण झाला नव्हता आणि ती रडकुंडीला आली होती.

"मॅडम, ते मशीन तुम्हाला दुरुस्त करता येतं म्हणे?"

तिच्यासमोर मला पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं झालं. तिनं माझं काही बिघडवलेलं नव्हतं.

"तू माझ्या दुपारच्या बॅचला ये," मी म्हटलं. "मी नाव बदलून घेते."

तिच्या मागून तिच्या मैत्रिणी आल्या. मग मुलंही यायला लागली. मी कुणाला नाही म्हटलं नाही. माझ्या बॅचला मुलं दाटीवाटीनं बसायची, एका स्टुलावर दोघं दोघं. सप्टेंबर उजाडला तेव्हा सकाळच्या बॅचला मोजकीच मुलं उरली होती, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

एका सकाळी मी काही कागद घ्यायला लवकर आले. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. बॅचला अजून बराच वेळ होता. हंबीरराव सर एकटेच मशीनसमोर बसले होते. पान नव्हतं, वर्तमानपत्र नव्हतं. ते मशीन सुरू करून, मागच्या जाळीवर तळहात धरून, येणारी हवा गरम झाली का बघत होते. मुलं यायच्या आत ते वाळवायला ते पहाटे उठून आले होते. मला बघून त्यांनी हात काढून घेतला.

"दानेश्वरी मॅडम."

"सर."

त्यांनी मशीनकडे बोट केलं. "हे साफ करायला किती वेळ लागंल?"

"एक दुपार."

"मग करून टाका की. माझं म्हणणं काय न्हाय. झालं गेलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. एवढं बोलायलाही त्यांना जड गेलं होतं, ते मला दिसत होतं.

"दुपारी माझी बॅच असते, सर."

"मग सकाळी करा."

मी कपाटातून माझे कागद घेतले.

"सकाळी तुमची असते," मी म्हटलं, आणि दार हळूच ओढून घेतलं.